फाटकापाशी सांगितलेलं

तुळजाबाईंनी मला तीनदा मुलाखत दिली. पहिल्या दोन संस्थेच्या दप्तरात बांधून ठेवलेल्या आहेत. तिसरीला संस्थेच्या लेखी अस्तित्व नाही. तुळजाबाई कुणी पुढारी नव्हत्या. हिंजवडीत त्यांचं घर विचारलं तर लोक मुलाचं नाव घेऊन मग बोट दाखवतात. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी काही हजार माणसांना प्रश्न विचारले. बहुतेकांचे चेहरेही आता आठवत नाहीत. या एका बाईची मात्र मला अजून हुरहूर लागते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझ्या नोकरीविषयी. सदाशिव पेठेत समाजशास्त्राची एक संशोधन संस्था आहे, तिथे मी क्षेत्र-अन्वेषक होते. पद ऐकायला भारदस्त आहे. काम म्हणजे उन्हातान्हात दारोदार हिंडून छापील फॉर्म भरून आणणं. आमच्या वाटेवरचे किराणा दुकानदार मला 'जनगणनावाल्या शैलाताई' म्हणत. जनगणना तर दहा वर्षांनी एकदा होते, मग मधली नऊ वर्षं या बाईंचं काय चालतं, अशी शंकाही ते गिऱ्हाइकांसमोर काढत. पुण्यात एवढं चालायचंच.

प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. गोपाळकृष्ण. संस्थेत सगळे त्यांना जीके सर म्हणत. हुशार माणूस, आणि सज्जन. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे वाचताना तुम्हाला त्यांचा राग येईल आणि तो त्यांना लागू नाही. नव्या अन्वेषकांच्या प्रशिक्षणात ते पहिल्या दिवशी विचारत, "सामाजिक समस्या म्हणजे काय?" कुणी हुंडा म्हणे, कुणी दारू, कुणी बेकारी. सर म्हणत, "ही यादी झाली. समस्या रस्त्यातल्या धोंड्यासारखी पडलेली नसते. एखादी गोष्ट पुष्कळ लोक सोसत असतात. त्यांतले लक्षणीय लोक म्हणू लागतात की हे बरोबर नाही, आणि हे बदलता येईल. त्या दिवसापासून ती सामाजिक समस्या. तोवर ते ज्याचं त्याचं दुःख."

"लक्षणीय म्हणजे किती, सर?" मी विचारलं होतं.

"ते प्रत्येक समाज आपापलं ठरवतो, शैलाबाई."

माहीत नाही असं सांगायच्या प्राध्यापकी पद्धतींतली ही सर्वांत देखणी.

पंच्याण्णव साली आम्ही हिंजवडी आणि आसपासच्या वाड्यांमधली साठ शेतकरी कुटुंबं निवडली. दर पाच-सहा वर्षांनी त्याच घरांत जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि काय बदललं ते पाहायचं, असा तो अभ्यास होता. घरातल्या बायकांच्या मुलाखती माझ्याकडे होत्या. तेव्हा तिथे काचेच्या इमारती नव्हत्या. जमिनी जाणार अशी कुजबुज तेवढी होती, आणि पुण्यात मनपाच्या थांब्यावरून सुटणारी बस मिळाली तर मिळाली.

तुळजाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. मी पोचले तेव्हा त्या बांधावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि मेथीच्या जुड्या केळीच्या सोपटाने बांधत होत्या. हात थांबवायला तयार नव्हत्या. "तुमी इचारा, माज्या तोंडाला काय काम न्हाय," म्हणाल्या. आमचा सतरावा प्रश्न असा होता: 'तुमच्या मते तुमची सर्वांत मोठी समस्या कोणती?' त्यांनी सात सांगितल्या. विहिरीवरची वीज, वाकडचा रस्ता, बाळंतिणीला नसलेला डॉक्टर, वासरू खाणारा बिबट्या, नवऱ्याचा दमा, सुनेची जीभ, आणि चिंचवडच्या मंडईत जागा अडवणारी एक दांडगी भाजीवाली. फॉर्मवर तीनच ओळी होत्या. मी म्हटलं, तीन निवडा. त्या म्हणाल्या, "मंग बाकीच्या चार काय तुमी घिऊन जाता?"

त्यांची पहाट कशी असे तेही त्यांनीच सांगितलं. अंधारात भाजी उपटायची, जुड्या बांधायच्या, पाट्या डोक्यावर घेऊन पाच बायकांनी मोठ्या रस्त्याला यायचं, दुधाच्या टेम्पोत बसून चिंचवड गाठायचं. दहाला माल संपवून परत. वाटेत ज्या गप्पा होत, त्या घरात बोलायच्या नसत. हे सांगताना त्यांच्या हातातली जुडी पहिल्यांदा सैल झाली.

दुसऱ्या फेरीला मी दोन हजार एकच्या जानेवारीत गेले. जमीन गेली होती. बांधाच्या जागी कुंपण होतं, कुंपणापलीकडे हिरवळ होती, आणि निळ्या काचांच्या इमारतीतून गळ्यात पट्टे घातलेली पोरं चहाला बाहेर पडत होती. तुळजाबाईंचे यजमान वारले होते. मुलगा बाबुराव याने दुमजली बंगला बांधला होता, संगमरवरी ओसरीसकट. तुळजाबाई त्या ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर दोन्ही हात होते आणि हातांत काही नव्हतं.

मी सतरावा प्रश्न विचारला.

"अडचन काय न्हाय," त्या म्हणाल्या. "समदं हाय."

मी वाट पाहिली. पाच आकडे मोजेपर्यंत वाट पाहायची, असा आमचा नियम होता. मी वीस मोजले. मग चौकटीत शून्य-शून्य लिहिलं. त्याचा अर्थ 'समस्या नाही'.

इथे आमची एक रीत सांगते. मुलाखत संपली की सही किंवा अंगठा घ्यायचा, घड्याळ पाहून वेळ लिहायची आणि फॉर्म बंद करायचा. त्यानंतर माणूस काहीही बोललं तरी ते धरायचं नाही. सर म्हणत, प्रत्येकाला सारखेच प्रश्न सारख्याच क्रमाने विचारले तर उत्तरांची बेरीज करता येते. नाहीतर ती निव्वळ गप्पांची पोतडी. त्यांचं बरोबर होतं. पण बायका खरं बोलतात ते फाटकापाशी, हेही तितकंच खरं. फॉर्म पिशवीत गेला, चपला पायात आल्या, पोचवायला म्हणून बाई फाटकापर्यंत आली, की तिला कंठ फुटतो. घरातल्यांचे कान तिथवर पोचत नाहीत. माझ्या पिशवीत दोन वह्या असत. एक संस्थेची, आणि एक माझी, या फाटकाच्या बोलण्याची.

तुळजाबाई फाटकाशी आल्या आणि कडीला धरून उभ्या राहिल्या.

"बाई, डोळा तर चारला उघडतोय. सवय हाय त्याला. आंग धुवून, येनी घालून बसते मी. आनि मंग जायाला कुठं ठिकानच न्हाय."

मग त्यांनी एक हकिकत सांगितली. बंगल्यामागे त्यांनी मेथी पेरली होती. वीस जुड्या निघाल्या. त्या पदराखाली घेऊन त्या कंपनीच्या बसथांब्याजवळ बसल्या. सहा जुड्या गेल्या, तेवढ्यात बाबुराव जीप घेऊन आला. आई बंगल्यातली आहे, लोक काय म्हणतील, असं म्हणत आईला पुढच्या सीटवर आणि मेथीला मागे टाकून घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मागच्या जागेत फरशी बसवली. "त्येचं बी चुकलं न्हाय," तुळजाबाई म्हणाल्या. "आईला त्रास नगं म्हनून करतंय ते. पन बाई, हे तुमच्या कागदावर लिवा की."

मी म्हटलं, फॉर्म बंद झाला. त्यांना कळेना. बंद झाला म्हणजे काय, पिशवीतच तर आहे. तेव्हा माझ्याकडून ती चूक घडली. आपण काय शोधतो आहोत ते अन्वेषकाने समोरच्याला कधीही सांगायचं नसतं. पेशंटच्या हातात डॉक्टरचं पुस्तक देण्यासारखं ते. पण त्या कडी सोडत नव्हत्या, आणि मला त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघवत नव्हतं. मी सरांची अख्खी व्याख्या त्यांना सोप्या भाषेत सांगून टाकली. "तुळजाबाई, एकटीचं असेल तर त्याला दुःख म्हणतात. पुष्कळ जणींना तसंच वाटायला हवं, आणि त्यांनी ते तोंडाने म्हणायला हवं. मग ती समस्या होते, मग ती कागदावर येते."

त्यांनी ते मान तिरकी करून ऐकलं. "आनि तुमी परत कवा येनार?"

"दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर. तेव्हा हा प्रश्न मी घालून घेईन. सकाळी उठून कुठे जाता, असा. शब्द देते."

शब्द द्यायचा मला काय अधिकार होता? काही नाही. दिला.

अहवालात सरांनी लिहिलं की बाधित कुटुंबांतल्या स्त्रियांपैकी दोनतृतीयांश स्त्रिया आपल्याला कोणतीही समस्या नाही असं सांगतात. परिसंवादात त्यावर चांगली चर्चा झाली. ती शून्यं माझ्या हातची होती. मी माझी वही घेऊन सरांकडे गेले. चाळीस शून्यांपैकी बावीस जणी फाटकाशी वेगळंच बोलल्या होत्या. सरांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे फार मोलाचं आहे, शैलाबाई. आणि मला हे वापरता येत नाही." पण पुढच्या फेरीत प्रश्न घालायला ते कबूल झाले. माझ्यासमोर त्यांनी तो फायलीवर लिहूनही ठेवला.

पुढची फेरी झाली नाही. दोन हजार पाचमध्ये अनुदान देणाऱ्यांनी कळवलं की जमीन गेलेल्या कुटुंबांचा विषय आता जुना झाला. संगणक कंपन्यांतल्या तरुणांचा ताण हा विषय घ्यावा. त्या ताणावर वर्तमानपत्रांत रोज येत होतं, कंपन्या बोलत होत्या, डॉक्टर बोलत होते. सरांच्या व्याख्येत तो चपखल बसत होता. साठ घरांची फाइल बांधून माळ्यावर गेली आणि मी हिंजवडीच्या वसतिगृहांमध्ये हिंडू लागले. विदर्भातून आलेला अभिनव नावाचा एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, स्ट्रेस आहे ना, पण एक्झॅक्टली कशाचा ते तुम्हीच ऑप्शन्स द्या ना." मी दिले. त्या फॉर्मवर पर्याय छापलेले होते.

त्या वसतिगृहांपासून तुळजाबाईंचा बंगला पंधरा मिनिटांच्या अंतरावर. दोन वर्षं मी त्या वळणावरून जात राहिले. पहिल्यांदा स्वतःला सांगितलं की फेरीबाहेर घरी जाणं शिस्तीत बसत नाही. सहाची दिवाळी उलटल्यावर ते सांगणंही बंद केलं. लाज वाटत होती, बस्. कंपनीच्या बसगाड्यांच्या गर्दीत आमची बस त्या वळणावर हमखास अडकायची आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहायचे.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत एके दिवशी मी तिथे उतरले. निवृत्तीला महिना राहिला होता. दुसऱ्या फेरीचा एक कोरा फॉर्म घरी पडलेला होता, तो पिशवीत घातला. खरं ते सांगायचं, माफी मागायची आणि परत यायचं, एवढंच ठरवलं होतं.

तुळजाबाई आता एकाहत्तर वर्षांच्या होत्या. फाटक उघडल्याचा आवाज झाला तशा त्या उठल्या. "आलात," एवढंच म्हणाल्या आणि घरात वळून ओरडल्या, "ऋतुजा, वही आन!"

ऋतुजा ही नात, नववीतली. तिने शाळेची एक लांबट वही आणली आणि हसू दाबत मला म्हणाली, "आजीचा सर्व्हे आहे हा. सिक्स इयर्सपासून चाललाय. सगळ्या कॉलनीत फेमस आहे."

वहीत एकोणचाळीस बायकांची नावं होती. पहिल्या काही पानांवरचं अक्षर अगदी लहान मुलीचं होतं, पुढे पुढे वळणदार होत गेलेलं. प्रत्येक नावापुढे वाडी किंवा सोसायटी, आणि एक ओळ. 'चार वाजता जाग येते. गॅलरीत उभी राहते.' 'म्हशी होत्या तेव्हा बरं होतं.' 'सून म्हणते झोपा.' मी सरांची व्याख्या एका म्हाताऱ्या बाईला फाटकाशी सांगितली होती, आणि तिने ती तंतोतंत पाळली होती. पुष्कळ जणींना वाटतं का ते पाहिलं, आणि त्यांच्याकडून ते तोंडाने वदवून घेतलं.

"सोपं न्हवतं," तुळजाबाई म्हणाल्या. "एकेकीकडं धा-धा येळा गेले. समदं असून अडचन हाय म्हनायची लाज वाटती बायांना. ही कांताबाई, माज्यासंगं पाटी घिऊन यायची, हिनं तीन वरीस दाद दिली न्हाय."

कांताबाई तोवर शेजारून आल्याच होत्या. "आवं, लोक म्हनतील पैका झाला आनि म्हातारीला सुख टोचाया लागलं," त्या म्हणाल्या. "पन ही रोज यायची. रोज सकाळी दारात हजर. मंग म्हनलं, लिव बाई एकदाची."

ऋतुजाने फोन केले. अर्ध्या तासात ओसरीवर अकरा बायका जमल्या. साऱ्या ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. कुणी वाकडच्या फ्लॅटमधून सहा आसनी रिक्षाने आली होती. त्यांना सहा वर्षं सांगून ठेवलेलं होतं, की पुण्याच्या बाई येणार, आणि मग आपलं लिहिलं जाणार. माझ्याकडे एक फॉर्म होता, आणि तोही बाद झालेला.

मी त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. ऋतुजाकडून कागद मागून घेतले आणि दुपारपर्यंत एकेकीची मुलाखत घेतली, नियमाप्रमाणे, मान न हलवता, अरेरे न म्हणता. पण कागद नीट दिसत नव्हता. दोनदा चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि कांताबाईंनी तुळजाबाईंच्या सुनेला पंखा वाढवायला सांगितला.

सगळ्या गेल्यावर तुळजाबाई समोर बसल्या. तो छापील फॉर्म मी त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. सतराव्या प्रश्नाशी आले.

"अडचन काय न्हाय," त्या म्हणाल्या.

"तुळजाबाई!" मला अक्षरशः राग आला. "सहा वर्षं तुम्ही हेच लिहून घ्यायला थांबलात ना? आता फॉर्म उघडा आहे. सांगा की."

"खरं त्येच सांगते, बाई. ह्या सा वरसांत न्हवतीच अडचन. चारला उठायची, येनी घालायची, आनि निगायची. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. गप्पा व्हायच्या. बाबुराव म्हनायचा, आई बायांकडं जाती, जाऊ द्या." त्यांनी वहीवर हात ठेवला. "आता तुमी आलात. समद्यांचं लिवून झालं. आता उद्यापास्नं मी कुठं जाऊ?"

फेरी रद्द झाल्याचं माझ्या ओठांवर होतं. ते कागद कुणी वाचणार नाही, बेरजेत कुणी धरणार नाही, हे सांगायलाच तर मी आले होते. तुळजाबाई माझ्याकडे बघत होत्या. प्रश्न खराच होता आणि त्यांना उत्तर हवं होतं.

"इतक्या पुरणार नाहीत," मी म्हटलं.

"किती लागतील?"

"शंभर."

ऋतुजाने पटकन हिशेब केला, "आजी, अजून सिक्स्टी वन." तुळजाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. माणमध्ये मावसबहीण आहे, मारुंजीला सुनेचं माहेर आहे, नेऱ्याला अजून पाऊलच टाकलेलं नाही, असं त्या बोटांवर मोजू लागल्या. चेहरा इतका उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "झाल्या की तुमाला कुठं गाठू?" त्यांनी विचारलं. मी संस्थेचा पत्ता दिला नाही, घरचा दिला. ऋतुजाने तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला.

शंभर हा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही. तो मी त्या ओसरीवर बसून तयार केला. नोकरीत फॉर्मवर एक खोटी रेघ मी कधी मारली नाही, आणि हे खोटं मी डोळे उघडे ठेवून बोलले. त्यानंतर हिंजवडीला गेले नाही. सरांनाही सांगितलं नाही. निवृत्त झाले, आता मलाही सकाळी कुठे जायचं नसतं. चहा पिऊन खिडकीशी बसते आणि मनात नावं मोजते. पंचेचाळीस झाली असतील, साठ झाली असतील. दाराची घंटा वाजली की कप खाली ठेवते. तुळजाबाई असतील, काखेत वही असेल, शंभर बायका म्हणाल्या आहेत, आता पुढे काय, असं विचारतील. दार उघडावं तर दूधवाला असतो, नाहीतर कुरियरवाला. मी सुटकेचा निःश्वास टाकते, दार लावते, आणि मग दिवसभर मला वाटत राहतं की त्या यायला हव्या होत्या.